रब्बी ज्वारीची ओल शेवटच्या महिन्यासाठी राखा

रब्बी ज्वारी पावसावर येत नाही, ओलीवर येते. सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, धाराशिव, बीड या पट्ट्यात सप्टेंबरच्या पावसानंतर वाफसा (पेरणीजोगी ओल) पाहून पेरलेलं हे पीक पुढचे चार महिने जवळजवळ पूर्णपणे काळ्या जमिनीत साठलेल्या पाण्यावर जगतं. म्हणूनच या पिकाचं बियाणं, खत, कोळपणी (ओळींमधली माती हलवणं) यांतला प्रत्येक निर्णय मुळात पाण्याचाच असतो. आणि एकूण पाणी किती यापेक्षा फुलोऱ्यानंतर किती उरलं, यावर कणसाचं वजन ठरतं.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा गव्हातून मिळाला. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिलं, की फुलोऱ्यानंतर गव्हाच्या मुळांनी १.३५ मीटरच्याही खालच्या थरातून फक्त १०.५ मिमी जास्त पाणी उचललं, तर हेक्टरी सुमारे ६२० किलो धान्य वाढलं. म्हणजे एका मिलिमीटरला ५९ किलो. एका हेक्टरवर १०.५ मिमी म्हणजे लाखभर लिटर पाणी, दहा हजारी टँकरच्या साधारण दहा खेपा. एवढं थोडं पाणी इतकं उत्पन्न देतं, याचं कारण सरळ आहे. तोवर ताट, पानं, मुळं सगळं बांधून झालेलं असतं. उशिरा मिळालेलं पाणी पानं हिरवी ठेवतं आणि त्या पानांत तयार झालेलं अन्न थेट दाण्यात उतरतं. सुरुवातीला तेच पाणी मिळालं असतं, तर त्यातलं बरंचसं नुसता पाला वाढवण्यात गेलं असतं.

ज्वारीत यावर फार सुंदर काम झालं आहे. इथिओपियातल्या ज्वारीपासून आलेल्या एका वाणाची पानं दाणे भरताना ताण पडला तरी लवकर वाळत नाहीत. या गुणामागे गुणसूत्रांवरचे चार मुख्य भाग आहेत, हे अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या शास्त्रज्ञांनी शोधलं. पण ही ताटं हिरवी राहतात कशी, याचा उलगडा पुढे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये झाला. तिथल्या गटाने २०१४ मध्ये मांडलं, की या वाणांना फुटवे कमी येतात आणि वरची पानं लहान राहतात, त्यामुळे फुलोऱ्यापर्यंत ती पाणी जपून वापरतात. राखलेलं पाणी मग दाणे भरताना कामी येतं. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्राने हे भाग आपल्याकडच्या वाणांत आणण्याचं काम केलं आहे.

मला यात विशेष वाटतं ते हे, की सोलापूरच्या कोरडवाहू संशोधनाने हाच विचार १९३०च्या दशकात वेगळ्या वाटेने मांडला होता. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून घडलेली ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ सांगायची: बांधबंदिस्ती करा, बी कमी वापरा, दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा, कोळपण्या जास्त द्या. पातळ पेरणी म्हणजे शेतात पाला कमी, आणि पाला कमी म्हणजे पाण्याचा उपसा कमी. जनुकांची माहिती नसतानाही त्यांनी शेताच्या पातळीवर तेच साधलं. आजची शिफारसही त्याच्याशी जुळते: हेक्टरी १० किलो बियाणं, ४५ बाय १५ सेंटिमीटर अंतर, म्हणजे हेक्टरी साधारण १ लाख ४८ हजार ताटं. दाट पेरलं तर उत्पन्न वाढेल हा समज कोरडवाहू रब्बीत फार महागात पडतो. उगवण दाट झाली असेल, तर जीव होत नसला तरी विरळणी करावीच लागते.

पेरणीआधी एक काम प्रत्येकाने करावं, आणि ते क्वचितच कोणी करतं. रानात तीन-चार ठिकाणी पहारीने खड्डा घेऊन मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहा. मीटरभर किंवा त्याहून खोल काळ्या जमिनीत पिकाला उपसता येईल असं पाणी २०० मिमीपर्यंत साठू शकतं. दीड फुटावर मुरूम लागला तर ते निम्म्याहूनही कमी. वाण या खोलीवरून निवडायचा. हलक्या जमिनीत राहुरी कृषी विद्यापीठाचा लवकर येणारा फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम जमिनीत फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा मोहोळच्या केंद्रावर निवडलेली आपली जुनी मालदांडी ३५-१, भारी जमिनीत फुले वसुधा, फुले यशोदा. शेजाऱ्याची ज्वारी डोक्यावर गेली म्हणून त्याचंच बी हलक्या रानात टाकलं, तर ताट उंच होईल आणि कणीस पोचट राहील. नत्राचंही तसंच: कोरडवाहूत हेक्टरी हलक्या जमिनीला २५ किलो, मध्यमला ४०, भारीला ६०, आणि सगळं पेरतानाच दोन चाड्यांच्या पाभरीने (बी आणि खत वेगवेगळं सोडणाऱ्या पेरणीच्या अवजाराने) बियाण्याखाली ओलीत पडेल असं.

पेरणीची वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्याआधी पेरलं तर खोडमाशी फार त्रास देते. ती पानाच्या खालच्या बाजूला पांढरं, लांबट अंडं घालते. अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत, शिरून वाढीचा कोंबच कापते आणि पोंगा सुकतो. ओढला की तो सहज हातात येतो. फार उशीर केला तर ओल हातची जाते. काणी हा कणसाचा बुरशीरोग टाळण्यासाठी किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधक चोळणं हा तर अगदी स्वस्त विमा आहे.

कोळपणीला तण काढण्याचं काम समजू नका. काळी जमीन वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतून खालच्या थरातली ओल उडते. म्हणून पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्यात पासाच्या कोळप्याने आणि तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने, भेगा मातीने बुजवत. मजुरीपायी ही तिसरी कोळपणी अनेकजण सोडतात. माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. विहिरीत एकाच पाळीपुरतं पाणी असेल, तर ते पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणातच असताना, पेरणीनंतर ५० ते ५५ दिवसांनी द्यावं.

ओल संपली हे ताट स्वतःच सांगतं. दाणे भरताना ताण पडला की जमिनीतली बुरशी मुळांतून खोडात चढते आणि उभी ज्वारी बुडापासून लोळते. असं ताट बुडाशी चिरून पाहिलं, तर आत गर नसतो. सुटे धागे आणि त्यांवर कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे कण दिसतात. हाच खडखड्या. लोळल्यानंतर यावर फवारणीचा उपयोग होत नाही. जिथे तो दरवर्षी दिसतो, तिथे जमिनीच्या मानाने ताटं जास्त आहेत किंवा वाण उशिराचा आहे, असं समजून पुढच्या हंगामात बदल करावा.

एक अडचण मात्र खरी आहे. परदेशी संशोधन पाला कमी करा म्हणतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात जनावरांची दावण कडब्यावरच चालते. आखूड, कमी पाल्याचं वाण इथे कोणी पेरणार नाही, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे दोन्ही प्रकारची जमीन आहे, त्यांनी उंच, कडब्याचे वाण भारी रानात ठेवावेत आणि हलक्या रानात लवकरचे, म्हणजे दाणा आणि चारा दोन्ही पदरात पडतील.