टाकी उणे चारलाच का थांबवतात

नाशिकच्या वायनरीत पांढरी वाइन बाटलीत भरण्याआधी टाकी उणे ४ अंशांच्या आसपास नेऊन दोन-तीन आठवडे तशीच ठेवतात. थंडीने आम्लाचे खडे बाटलीत नव्हे, टाकीतच पडावेत, पण वाइन मात्र गोठू नये, हा उद्देश. या आकड्यामागचा हिशेब शंभराहून अधिक वर्षं जुना आहे.

विरघळलेला पदार्थ जितका जास्त, तितकं पाणी शून्याच्या खाली जाऊन गोठतं, हे चार्ल्स ब्लॅगडेन यांनी १७८८ मध्ये दाखवलं. पुढे फ्रान्समध्ये फ्रान्स्वा-मारी राउल यांनी १८८० च्या सुमारास मद्याचेच गोठणबिंदू मोजले आणि १८८२ मध्ये खरी मेख सांगितली: महत्त्व वजनाला नाही, रेणूंच्या संख्येला. एक किलो पाण्यात ४६ ग्रॅम इथेनॉल (म्हणजेच मद्यार्क) घातलं की गोठणबिंदू १.८६ अंशांनी खाली. १२ टक्क्यांच्या वाइनला हे लावलं तर उणे ४.३ येतं; आम्ल, ग्लिसरॉल, उरलीसुरली साखर धरून प्रत्यक्षात उणे ५ ते ६. पाच टक्क्यांची बिअर उणे दोन-अडीचलाच बर्फ धरते. ४० टक्क्यांची रम मात्र घरच्या फ्रीझरच्या उणे १८ ला सरळ ओतता येते.

‘गोठते’ म्हणणंही तसं अर्धवटच. बर्फ होतो तो पाण्याचा. उरलेल्या द्रवातलं मद्यार्काचं प्रमाण वाढत जातं, म्हणून त्याचा गोठणबिंदूही खाली सरकतो. वसाहतकाळातल्या अमेरिकेत सफरचंदाचा रस आंबवून केलेली सायडर हिवाळ्यात बाहेर ठेवून, वरचा बर्फ काढून ‘ॲपलजॅक’ करत ते याच जोरावर. त्यात मद्यार्काबरोबर नको ती द्रव्यंही दाट होतात.

नाशिकला टाकी अशी थंड करण्याची गरज वाइनबरोबरच आली. सुला या तिथल्या वायनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण ठरलं, वायनऱ्या वाढल्या. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम यांचे खडे गिऱ्हाइकाच्या फ्रिजमध्ये तळाला बसले की त्याला काचेचा चुरा वाटतो. म्हणून ते आधीच टाकीत पाडून घ्यायचे. ढोबळ नियम असा: मद्यार्काचे टक्के निम्मे करा, एक वजा करा, तितके अंश उणे. १२ ला उणे ५ येतं. पण तिथे वाइनच गोठू लागण्याचा धोका, म्हणून उणे ४ ला थांबणंच शहाणपणाचं. घाई असेल तर लिटरला ४ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (याच खड्यांची पूड) घालून सतत ढवळलं की काम काही तासांत होतं, मात्र वाइन थंड असतानाच गाळायला हवी. वाइन कोमट झाली की खडे पुन्हा विरघळतात.

बिघडतं ते बहुधा जॅकेटपाशी, म्हणजे टाकीभोवतीच्या थंड द्रव फिरवणाऱ्या कवचापाशी. त्यातलं ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) उणे १० ला सोडलं की टाकीच्या आतल्या भिंतीला बर्फाचा थर धरतो. बर्फ उष्णता नीट वाहू देत नाही, मधला सेन्सर ‘अजून गरम’ दाखवतो, चिलर चालूच राहतो आणि थर वाढत जातो. अशा टाकीतला नमुना काढला तर मद्यार्क लेबलवरच्यापेक्षा जास्त भरतो. अशा वेळी चिलर बंद करून बर्फ पूर्ण विरघळू द्यावा, टाकी ढवळावी, मगच मोजावं. आणि ग्लायकॉलचं प्रमाणही तपासावं: पाण्यात ३० ते ३५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल नसेल, तर नळीतच बर्फ धरतो.