'मोत्यांच्या माळे'ला रोज चमचाभर पाणी?

'सक्युलंटला, म्हणजे पाणी साठवणाऱ्या झाडाला, रोज चमचाभरच पाणी घाला, म्हणजे ते कुजत नाही.' हा सल्ला काळजीपोटीच दिला जातो, पण झाड त्यानेच जातं.

'स्ट्रिंग ऑफ पर्ल्स', म्हणजेच ही 'मोत्यांची माळ', मूळची दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातली. तिचे हिरवे मणी म्हणजे पानंच, पाणी साठवणारी. मुळं बारीक, उथळ. रोजच्या चमचाभर पाण्याने वरची माती सतत ओली राहते, नेमकी तिथलीच मुळं कुजतात. खालची माती मात्र कोरडीच.

म्हणून कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्या, मग माती पूर्ण वाळू द्या. खात्रीसाठी लाकडी काडी तळापर्यंत खुपसा. ओली माती चिकटली तर थांबा. काडी कोरडी आणि मणी किंचित सुरकुतलेले, तर पाणी द्या. मणी मऊ, पिवळट, पाणचट असतील तर पाणी जास्त झालंय. पावसाळ्यात माती फार सावकाश वाळते, तेव्हा वार मोजू नका, काडीच बघा.