दुधासाठी गाणारी भावंडं: ‘ब्रुंदिबार’ची पार्श्वभूमी

आई आजारी आहे, तिला दूध हवं आहे आणि घरात पैसे नाहीत. म्हणून पेपिचेक आणि अनिंका ही भावंडं बाजारात उभी राहून गाऊ लागतात. तिथे बाजा वाजवून कमावणारा ब्रुंदिबार त्यांना हुसकावून लावतो. मग चिमणी, मांजर, कुत्रा आणि आजूबाजूची सगळी पोरं त्यांच्या मदतीला येतात आणि ब्रुंदिबारला हरवतात. गोष्ट एवढीच. हान्स क्रासा या प्रागच्या संगीतकाराने आदोल्फ होफमाइस्टरच्या संहितेवरून 1938 साली हा बालऑपेरा रचला. संहितेत कोणी ज्यू नाही, कोणी नाझीही नाही.

तरीही युद्धकाळातल्या ज्यू मुलांचं चित्रण म्हटलं की हेच नाव आधी येतं, ते गाणाऱ्यांमुळे. पहिले प्रयोग प्रागमधल्या ज्यू अनाथालयात गुपचूप झाले. तोवर, ऑगस्ट 1942 मध्येच, क्रासाला तेरेझिन या नाझींच्या ज्यू बंदिछावणीत नेलं होतं. पुढे मुलंही तिथे पोचली आणि पियानोची स्वरलिपी लपवून आत आणली गेली. छावणीत जे वादक हाताशी होते, त्यांच्यासाठी क्रासाने सगळं संगीत नव्याने बांधलं. 23 सप्टेंबर 1943 रोजी माग्देबुर्ग बराकीत पहिला प्रयोग झाला. फ्रांतिशेक झेलेंका या नेपथ्यकाराने लाकडी कुंपण उभं केलं आणि त्यावर प्राण्यांची चित्रं लावली. चित्रात डोक्याच्या जागी भोक होतं, त्यातून मुलांनी तोंड बाहेर काढायचं. मांजर झालेल्या एला वाइसबर्गर यांनी पुढे सांगितलं, की ज्यूंना सक्तीने लावावा लागणारा छातीवरचा पिवळा तारा प्रयोगापुरता काढायची परवानगी होती.

शेवटच्या, विजयाच्या गाण्याचे शब्दही छावणीत बदलले. मूळ ओळींत आईवडील आणि मायभूमीवरचं प्रेम होतं. कवी एमिल साउदेकने तिथे न्यायाची चाड असलेला माणूस आणला. गाणं चेक भाषेत, त्यामुळे पहारेकऱ्यांना त्यातली धार कळली नसावी.

प्रयोग 55 झाले, पण मुलं तीच राहिली नाहीत. पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे गाड्या सुटत, की भूमिका रिकाम्या होत आणि दुसरी मुलं उभी राहत.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो पुढचा भाग. डेन्मार्कने तेरेझिनमध्ये डांबलेल्या आपल्या ज्यू नागरिकांबद्दल विचारणा लावून धरल्यावर 23 जून 1944 रोजी रेडक्रॉसचे प्रतिनिधी आले. गर्दी दिसू नये म्हणून आदल्याच महिन्यात साडेसात हजार माणसं आउश्वित्झला धाडली होती. घरं रंगवली, बागा लावल्या आणि पाहुण्यांना ‘ब्रुंदिबार’ दाखवला. नंतरच्या नाझी प्रचारपटातही त्याचा शेवट चित्रित झाला. गाणारी मुलं खरी होती, त्यांचा आवाज खरा होता. पण कॅमेरा त्यांना कोंडणाऱ्यांचा होता. पडद्यावर कोण दिसतं एवढंच मोजून भागत नाही, कॅमेरा कोणाचा हेही पाहावं लागतं, असं मला वाटतं ते यामुळेच.

चित्रीकरण आटोपलं आणि सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा गाड्या सुटू लागल्या. क्रासा गेला, झेलेंका गेला, ब्रुंदिबारची भूमिका गाजवणारा होंझा त्राइखलिंगर हा पोरका मुलगाही गेला.

एला वाचल्या. म्हातारपणी देशोदेशीच्या शाळांमध्ये हा ऑपेरा होई, तेव्हा त्या प्रयोगाच्या शेवटी रंगमंचावर जात आणि मुलांच्या रांगेत उभ्या राहून विजयाचं गाणं गात.