४.५ : १ हा आकडा आला कुठून?

वेबसाइट किंवा अ‍ॅप सगळ्यांना वापरता येतं का, हे तपासायला दिलं की अहवालात एक ओळ हमखास येते : ‘कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) ४.५ : १ पेक्षा कमी.’ डिझायनर करडा रंग जरा गडद करतो आणि पुढच्या कामाला लागतो. पण हा आकडा आणि त्याच्या जोडीचा ‘नुसत्या रंगाने अर्थ सांगू नका’ हा नियम, दोन्हींमागे मोठा इतिहास आहे.

१७९४ साली मँचेस्टरमध्ये शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी स्वतःच्याच नजरेवर निबंध वाचला. लोक ज्याला लाल म्हणतात ते आपल्याला जेमतेम सावलीसारखं दिसतं, असं त्यांनी सांगितलं. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असावा, हा त्यांचा तर्क. १८४४ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर डोळा उघडून पाहिला, तर द्रव स्वच्छ निघाला. खरं कारण जपून ठेवलेल्या अवशेषांच्या डीएनए तपासणीतून १९९५ मध्ये कळलं : दृष्टिपटलातलं, हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारं रंगद्रव्यच त्यांच्याकडे नव्हतं. ही जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, म्हणून पुरुषांत अशा रंगांधळेपणाचं प्रमाण जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, स्त्रियांत जेमतेम अर्धा टक्का.

रंग चुकला तर जीव जाऊ शकतो, ही जाणीव रेल्वेने करून दिली. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. त्यामागे रंगांधळेपणा असावा असं तिथले शरीरशास्त्रज्ञ फ्रिथ्योफ होल्मग्रेन यांनी मांडलं आणि रेल्वे कर्मचाऱ्यांसाठी लोकरीच्या लडींची चाचणी आणली. तिची खुबी मला फार मोलाची वाटते : ते रंगाचं नाव विचारत नसत. एक लड समोर ठेवायची आणि ढिगातून तिच्या जवळच्या छटा वेचायला सांगायचं. कारण नावं माणूस ऐकून ऐकून शिकतो. पान हिरवं, रक्त लाल.

वेबवर हा विचार मे १९९९ मध्ये डब्ल्यूसीएजीच्या, म्हणजे संकेतस्थळं सगळ्यांना वापरता यावीत यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या, पहिल्या आवृत्तीत आला. रंगातून दिलेली माहिती रंगाशिवायही कळली पाहिजे, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. कॉन्ट्रास्ट पुरेसा हवा असंही होतं, पण पुरेसा म्हणजे किती, ते नव्हतं. आकडा आला डिसेंबर २००८ च्या २.० आवृत्तीत. सामान्य नजरेसाठी ३ : १ हे प्रमाण आधीच्या मानकांत होतंच. साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर २०/४० पर्यंत उतरते (इतरांना ४० फुटांवरून दिसतं ते त्याला २० फुटांवरून दिसतं), तेव्हा त्याला दीडपट कॉन्ट्रास्ट लागतो. तीन गुणिले दीड, साडेचार. म्हणजे अहवालातल्या त्या ओळीमागे कुणाच्या तरी आजोबांचे डोळे आहेत. २०१८ च्या २.१ आवृत्तीने आयकॉन आणि रकान्यांच्या कडांनाही ३ : १ लागू केलं. आपल्याकडे सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्या आग्रहाला बळ दिलं.

पांढऱ्यावर #७६७६७६ (हा वेबवरचा रंगाचा कोड) हा करडा ४.५४ ने पास होतो, #७७७७७७ मात्र ४.४८ ने नापास. ही रेघ इतकी बारीक असल्यामुळे सगळं लक्ष तिच्यावरच जातं आणि दुसरा नियम मागे पडतो. गडद लाल आणि गडद हिरवा, दोन्ही पांढऱ्यावर ४.५ सहज ओलांडतात. पण तिकिटांच्या यादीत ‘कन्फर्म’ आणि ‘वेटिंग’ नुसत्या त्या दोन रंगांच्या ठिपक्यांनी दाखवलं, तर डाल्टन यांच्यासारख्या नजरेला दोन्ही मातकटच दिसण्याची शक्यता आहे. तिथे शब्दच लिहावा लागतो.