विचारल्याने डोक्यात भरत नाही हो!

'आत्महत्येचं नाव काढू नका, नाहीतर त्याच्या डोक्यात तेच भरेल' हे वर्षानुवर्षं ऐकतोय आपण, आणि ते साफ चुकीचं आहे. अभ्यासांमध्ये असं विचारल्याने ते विचार वाढल्याचं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं. थॉमस जॉइनर या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलं की 'मी कुणाचाच नाही' आणि 'मी सगळ्यांवर ओझं आहे' या दोन भावना एकत्र आल्या की मरणाची इच्छा बळावते, आता या दोन्ही नात्यांमधल्याच भावना आहेत ना, मग आपण गप्प बसलो तर त्या अजून घट्टच होणार. म्हणून सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतायत का?' हो म्हणाला तर लेक्चर नको, नीट ऐका, एकटं सोडू नका, आणि डॉक्टर किंवा हेल्पलाइनपर्यंत पोचेपर्यंत सोबत रहा.