मनगटाच्या कडेची कळ : चाकूकडून इंजेक्शनकडे

वाळवा-तासगावच्या बायकांना हे दुखणं नवं नाही. अंगठा दुमडून म्हशीची धार काढताना, द्राक्षाच्या घडांची कात्रीने विरळणी करताना किंवा तान्ह्या बाळाला काखेत हात घालून उचलताना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ उठते. शीर धरलीय म्हणायचं, आंबेहळदीचा लेप लावायचा, वरून फडकं आवळायचं आणि पुन्हा कामाला लागायचं. फार वाईट वाटतं, कारण यावर चिरफाड न करता होणारा चांगला इलाज सत्तरेक वर्षांपासून आहे.

मिरजेत वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, स्वित्झर्लंडचे सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी अशा पाच रुग्णांची हकिगत छापली आणि दुखण्याला त्यांचं नाव पडलं. ते काही पहिले नव्हेत. १८९३ च्या एका इंग्रजी पाठ्यपुस्तकात धुणं धुणाऱ्या बायकांची लचक म्हणून याची नोंद आहे. पण डी क्वेर्व्हेन यांनी दुखण्याची जागा नेमकी दाखवली. अंगठा हलवणारे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं आवरण जाड झालं की ते आत घासतात. आवरण कापून वाट मोकळी करणं, हा त्यांचा इलाज होता.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी फिंकेलस्टाइन यांनी निदानाची चाचणी सांगितली. डॉक्टर अंगठा धरून हात झटकन करंगळीच्या बाजूला नेतात. दुखणं हेच असेल तर माणूस हात आखडून घेतो. आजही निदान मुख्यतः असंच, हाताने होतं.

खरा पालट झाला तो स्टेरॉइडमुळे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिलं. १९५० मध्ये केंडाल आणि राइकस्टाइन यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. काही वर्षांतच त्याच जातीचं हायड्रोकॉर्टिझोन थेट या आवरणात टोचलं जाऊ लागलं. २००३ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसत्या इंजेक्शनने ८३ टक्के रुग्ण बरे झालेले दिसले, नुसत्या पट्ट्याने १४ टक्के, आणि नुसत्या गोळ्यांनी कोणीच नाही. अभ्यास लहान होते, त्यामुळे आकडे जपून घ्यावेत. पण मेडिकलमधून महिनोन्महिने सूज उतरायच्या गोळ्या आणणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत. सूक्ष्मदर्शकाखाली या आवरणात दाह फारसा दिसतच नाही, ते जाड झालेलं असतं. गोळ्या कमी का पडतात, हे त्यावरून कळतं.

पण म्हणून पट्टा टाकाऊ ठरतो असं नाही. दुखणं नवं आणि सौम्य असेल, तर अंगठाही स्थिर ठेवणारा पट्टा आणि कामातून विसावा यांनी आराम पडतो. अंगठा मोकळा सोडणारा साधा मनगटपट्टा इथे उपयोगाचा नाही. ओल्या बाळंतिणींत तर अंगावरचं दूध बंद झाल्यावर दुखणं बहुधा आपोआप ओसरतं. तोवर त्यांच्या हातून घरकाम काढून घेणं हाच मोठा उपचार, आणि तो घरच्यांनीच करायचा असतो.

इंजेक्शनचेही तोटे आहेत. टोचल्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते, आपल्या सावळ्या हातावर ते उठून दिसतं. मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावं. काहींच्या बोगद्यात मधे पडदा असतो. औषध एकाच कप्प्यात गेलं तर गुण येत नाही. अशा वेळी सोनोग्राफीत बघून दुसऱ्या कप्प्यात टोचता येतं. त्यानेही भागलं नाही, तर डी क्वेर्व्हेन यांची शस्त्रक्रिया आहेच.