स्वेन रिडेल : ८२ वर्षे टिकलेल्या गोलविक्रमाची पार्श्वभूमी

४ सप्टेंबर २०१४ रोजी एस्टोनियाविरुद्ध दोन गोल करून झ्लाटान इब्राहिमोविच यांनी स्वीडनकडून सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम आपल्या नावावर केला, तेव्हा मागे पडलेला ४९ गोलांचा आकडा १९३२ पासून अबाधित होता. तो होता स्वेन रिडेल यांचा. इब्राहिमोविच यांना तिथे पोहोचायला जवळपास शंभर सामने लागले, तर रिडेल यांनी ते गोल अवघ्या ४३ सामन्यांत केले होते.

रिडेल यांचा जन्म १९०५ सालचा, गोथेनबर्गचा. स्वीडनमधील फुटबॉलची मुळे याच बंदराच्या शहरात आहेत. इथल्या ऑर्ग्रिते क्लबने २२ मे १८९२ रोजी देशातील पहिला नियमबद्ध सामना खेळला, तेव्हा त्याच्या संघात शहरातील कारखान्यात काम करणारे स्कॉटिश खेळाडूही होते. पुढे १२ जुलै १९०८ रोजी राष्ट्रीय संघाचा पहिला सामनाही गोथेनबर्गमध्येच झाला आणि स्वीडनने नॉर्वेला ११-३ असे हरवले. मात्र त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये ग्रेट ब्रिटनने या नवख्या संघाचा १२-१ असा धुव्वा उडवला, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात नेदरलँड्सने त्याला २-० असे हरवले. १९१२ मध्ये मायदेशी ३-४ आणि १९२० मध्ये अँटवर्पला ४-५, असे दोन्ही वेळा जादा वेळेत नेदरलँड्सनेच स्वीडनला रोखले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील यशाचे मोल हे सलणारे पराभव लक्षात घेतल्याशिवाय कळत नाही.

ऑर्ग्रितेकडून खेळणारे रिडेल पॅरिसला गेले तेव्हा अवघे १९ वर्षांचे होते. पहिल्याच सामन्यात गतविजेत्या बेल्जियमचा स्वीडनने ८-१ असा फडशा पाडला आणि त्यातले तीन गोल रिडेल यांचे होते. इजिप्तवर ५-० असा विजय मिळवल्यानंतर उपांत्य फेरीत स्वित्झर्लंडकडून १-२ अशी हार पत्करावी लागली, आणि कांस्यपदकासाठी समोर उभे राहिले ते पुन्हा नेदरलँड्स. ८ जूनचा सामना १-१ असा अनिर्णित राहिल्यामुळे थकलेल्या दोन्ही संघांना दुसऱ्याच दिवशी पुन्हा मैदानात उतरावे लागले. या सामन्यात मध्यंतराला स्वीडनकडे २-१ अशी निसटती आघाडी होती. त्यातला पहिला गोल रिडेल यांचा होता आणि उत्तरार्धात ३-१ अशी आघाडी करून निकालावर शिक्कामोर्तब करणारा गोलही त्यांचाच. फुटबॉलमधील स्वीडनचे हे पहिले ऑलिंपिक पदक.

एवढ्या मोठ्या खेळाडूला जागतिक पातळीवरची दुसरी स्पर्धा मात्र लाभली नाही, आणि मला ही त्यांच्या कारकिर्दीतली खरोखर चुटपुट लावणारी बाब वाटते. १९२८ च्या ऑलिंपिक फुटबॉलमध्ये स्वीडनचा संघ उतरला नाही, १९३० च्या पहिल्या विश्वचषकासाठी तो उरुग्वेला गेला नाही आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये तर फुटबॉलच नव्हते. त्यामुळे रिडेल यांचे बहुतेक गोल शेजारी देशांविरुद्धच्या आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतले आहेत. तेवढ्यावरून त्यांना कमी लेखणे योग्य नाही, कारण त्या काळी राष्ट्रीय संघाच्या वाट्याला येणारे सामनेच मुळात मोजके असत. देशात मात्र त्यांची योग्य ती कदर झाली : १९३१ मध्ये ‘स्वेन्स्का डागब्लाडेट’ या वृत्तपत्राचे मानाचे सुवर्णपदक मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले. पुढच्याच वर्षी त्यांचा आंतरराष्ट्रीय खेळ थांबला, आणि १९३४ मध्ये स्वीडनने इटलीतील विश्वचषकात अर्जेंटिनाला ३-२ असे हरवले, तेव्हा त्या संघात रिडेल नव्हते.